फिल्म लूक दिला की फोटो मळकट दिसतो? काय काय तपासायचं

लग्नसराई सुरू झाली की माझ्याकडे एडिटिंगच्या फाइल्स येतात आणि त्यांच्यासोबत एक ठरलेली तक्रार येते. "ताई, फिल्मचा प्रीसेट विकत घेतला, लावला, पण फिल्मसारखं काही वाटतच नाही. नुसतं मळकट दिसतंय." फिल्म म्हणजे डिजिटलच्या आधी कॅमेऱ्यात घालायचा रोल आणि प्रीसेट म्हणजे त्या रोलसारखे रंग एका टिचकीत देणारी तयार सेटिंग्ज. सांगलीत बसून मी गेली कित्येक वर्षं याच दुरुस्त्या करते आहे. तक्रार एक असली तरी कारणं सात-आठ आहेत आणि त्यातली निम्मी फुकटात, पाच-दहा मिनिटांत निघतात. दोष प्रीसेटचा असतो असं फार कमी वेळा होतं. बिघाड बहुतेकदा त्याच्या आधीच झालेला असतो, प्रीसेट लावल्यावर तो डोळ्यांवर येतो एवढंच.

लक्षणं

तुमच्या फोटोत यातलं नेमकं काय होतंय ते आधी बघा.

- केस, काळा कोट, सावल्या राखाडी पडतात. फोटोवर धुरकट काच ठेवल्यासारखी वाटते.
- चेहरे भगवे किंवा हिरवट दिसतात. सावळा चेहरा राखेसारखा होतो.
- मुंडावळ्यांचे मोती, उपरणं, शर्टाची कॉलर यांत बारकावा उरत नाही. तिथे सपाट, करडा ठिपका दिसतो.
- ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे बारीक कण, चेहऱ्यावर रवा भुरभुरल्यासारखा वर तरंगतो.
- एकाच विधीचे दहा फोटो दहा रंगांचे निघतात.
- लॅपटॉपवर सुंदर, मोबाइलवर निळं, प्रिंटमध्ये अंधारं.
- नवरीचा हिरवा चुडा शेवाळी किंवा तपकिरी होतो.

शेवटचं लक्षण किरकोळ वाटेल, पण त्यावरून अख्खे अल्बम परत आलेले मी पाहिले आहेत. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

खालची तपासणी याच क्रमाने करा. पुढचं पाऊल मागच्यावर उभं आहे. स्क्रीन पिवळी असताना रंग दुरुस्त करत बसलात तर ते सगळं काम दुसऱ्या दिवशी पुसून टाकावं लागतं.

कुठलं "जुनं" हवंय ते ठरवा

आमच्या घरी आत्याच्या लग्नाचा अल्बम आहे, सत्तरच्या दशकातला. काळी जाड पानं, मध्ये बटर पेपर, रंगीत फोटो मोजकेच. ते सगळे आता लालसर झालेत. त्याच लग्नाचा एक फोटो फ्रेम करून माजघरात लावलेला होता. काच बदलायला फ्रेम उघडली तेव्हा लाकडी पट्टीखाली दबलेली कडा दिसली, बोटाच्या पेराएवढी. तिथे शालूचा रंग अजून गडद होता आणि उरलेला फोटो उन्हाने फिका पडलेला. त्या कडेकडे मी बराच वेळ बघत बसले होते. फोटो काढला तेव्हा तो असा होता!

म्हणजे आपण ज्याला "जुना लूक" म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक फिल्मचा स्वतःचा रंग आणि दुसरा वर्षानुवर्षं उडालेला रंग. अंधारात ठेवलेल्या त्या काळच्या प्रिंट्समध्ये सायन रंग आधी विरतो, म्हणून लाली चढते. ही झीज आहे. झीजच हवी असेल तर मॅट, लालसर, फिकं करा, काही हरकत नाही. ताज्या फिल्म प्रिंटचा लूक हवा असेल तर ती कृती पूर्णपणे वेगळी आहे. दोन्ही एकत्र केलं की मळकट दिसणारच.

फिल्मफिल्ममध्येही फरक असतो. कोडॅक्रोम ही स्लाइड फिल्म (निगेटिव्हऐवजी थेट पारदर्शक चित्र देणारी) १९३५ मध्ये आली आणि २००९ मध्ये बंद झाली. छायाचित्रकार रघुबीर सिंह यांनी भारताचे रस्ते तिच्यावर टिपले. तिच्यात काळा अगदी काळा असतो, लाल ठसठशीत असतो. "कोडॅक्रोम लूक" म्हणून सावल्या राखाडी करणारे प्रीसेट बाजारात आहेत, ते नावालाच कोडॅक्रोम. १९९८ मध्ये आलेली कोडॅकची पोर्ट्रा निगेटिव्ह, मऊ, त्वचेला सांभाळणारी. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू कृष्णधवल. घरोघरच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याचे चौकोनी फोटो कडांना मऊ पडायचे, ते त्याच्या साध्या भिंगामुळे. एक खरा नमुना समोर ठेवा, शक्यतो घरातलाच. नमुन्याशिवाय केलेलं एडिटिंग रात्री अकरा वाजता छान वाटतं आणि सकाळी नकोसं होतं.

स्क्रीन

नाइट लाइट, आय कम्फर्ट, निळा प्रकाश कमी करणारं जे काही चालू असेल ते बंद करा. फुकटातली तपासणी आहे आणि दर तीन-चार तक्रारींतली एक इथेच सुटते. हे फीचर संध्याकाळी आपोआप सुरू होतं. स्क्रीन पिवळसर होते, आपले डोळे तिला सरावतात आणि आपण नकळत फोटोत निळा वाढवत जातो. सकाळी तोच फोटो मोबाइलवर थंडगार, निळा दिसतो.

ब्राइटनेसचंही तेच. अंधाऱ्या खोलीत स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून एडिट केलं की फोटो उजळ वाटतो, म्हणून आपण तो खाली ओढतो आणि प्रिंट काळवंडून येते. खोलीत साधा पांढरा उजेड ठेवा. पाठीमागची भिंत भडक रंगाची असेल तर टेबल फिरवा.

फाइल कुठून आली

फोटो शंभर टक्के झूम करून बघा. गालावर, आकाशात बारीक चौकोन दिसले तर ती फाइल व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेली आहे. जेपेग (फोटोची नेहमीची, आकाराने लहान केलेली फाइल) दाबताना बारीक तपशील आधी जातो आणि ग्रेन म्हणजे दुसरं काय, निव्वळ बारीक तपशील. अशा फाइलवर ग्रेन दिला की तो चौकोनांवर बसतो. पाठवणाऱ्याला मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवरून पाठवायला सांगा. तयार फोटो ग्राहकाला दाखवतानाही हेच पाळा, नाहीतर तुमचा ग्रेन त्याच्यापर्यंत पोचणारच नाही.

मोबाइलवरचे फोटो असतील तर एचडीआर हे कारण जवळजवळ नक्की. फोन सावल्या उचलतो, आकाश दाबतो, कडा धारदार करतो. उजेडाकडून अंधाराकडे जाणारा फिल्मसारखा उतार आधीच सपाट झालेला असतो. रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल देणाऱ्या) किंवा प्रो मोडमध्ये काढा.

प्रीसेट काढून बघा

प्रीसेट शून्यावर आणा आणि मूळ फोटो तसाच बघा. तो नुसता बरा दिसतो का? दिसत नसेल तर पुढच्या दोन तपासण्या तुमच्यासाठी आहेत. प्रीसेट रॉ फाइलसाठी, एखाद्या ठरावीक प्रोफाइलवर बनवलेला असतो. तुम्ही तो जेपेगवर लावलात तर कॅमेऱ्याने दिलेला कॉन्ट्रास्ट आणि प्रीसेटचा कॉन्ट्रास्ट असे दोन थर चढतात. फुजीचा कॅमेरा असेल आणि त्यात क्लासिक निगेटिव्हसारखं सिम्युलेशन (कॅमेऱ्यातलीच फिल्मची नक्कल) चालू असेल, तर त्या जेपेगवर पुन्हा फिल्मचा प्रीसेट लावू नका. एकच निवडा.

व्हाइट बॅलन्स

हळदीचे फोटो घ्या. अंगाला हळद, पिवळे कपडे, मागे झेंडूच्या माळा, वर पिवळं कापड. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून कॅमेरा स्वतः करतो तो रंगसमतोल, या पिवळ्याला घाबरून निळा घालतो. पुढच्या फ्रेममध्ये एखादी निळी साडी आली की परत पिवळा. दहा फोटो दहा रंगांचे निघतात ते इथे. मग त्यावर प्रीसेट स्वतःची ऊब चढवतो आणि चेहरे भगवे होतात.

फिल्मला ऑटो व्हाइट बॅलन्स नव्हता. डेलाइट फिल्म साधारण ५५०० केल्विनसाठी, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या रंगासाठी बनवलेली असते. रोलचे छत्तीसच्या छत्तीस फोटो त्याच तराजूत तोलले जायचे. ढगाळ दुपार थंड दिसायची, पिवळ्या बल्बखालची पंगत नारिंगी दिसायची आणि पूर्ण रोलला एक घराणं असायचं. आपल्याला जो एकजिनसीपणा भावतो त्याचा मोठा वाटा इथून येतो.

म्हणून बाहेरच्या उजेडात व्हाइट बॅलन्स ५५०० वर बांधून टाका आणि संपूर्ण विधी तसाच काढा. आधीच काढलेल्या फोटोंसाठी एका फ्रेममध्ये खरा पांढरा शोधा: रुमाल, गांधी टोपी, बनियन. अक्षतांना कुंकू लागलेलं असतं, त्या घेऊ नका. मोतीही पिवळट असतात. ती फ्रेम दुरुस्त करून बाकीच्यांना तीच किंमत लावा. हनुवटीखाली हिरवट छाया असेल तर ती लॉनवरून किंवा मंडपाच्या कापडावरून उडालेली असते, टिंट (हिरवा-मॅजेंटा समतोल) थोडा मॅजेंटाकडे न्या. हे सगळं प्रीसेटच्या आधी.

एक्स्पोजर

इथे एक ऐकीव सल्ला फार नुकसान करतो: "फिल्म लूक हवा तर एक स्टॉप ओव्हर काढ." एक स्टॉप ओव्हर म्हणजे दुप्पट उजेड. निगेटिव्ह फिल्मसाठी हा सल्ला अगदी बरोबर आहे. निगेटिव्हला जास्त उजेड मिळाला की तिचा आलेख वरच्या टोकाला हळूहळू वाकतो, पांढरा हलकेच संपतो. पोर्ट्रा ४०० दोन स्टॉप ओव्हर सहज पचवते. डिजिटल सेन्सरचं उलट आहे. तो शेवटपर्यंत सरळ रेषेत जातो आणि एकदम थांबतो. त्यापुढे काहीच नोंदलेलं नसतं. मुंडावळ्या जळाल्या म्हणजे जळाल्या. मग प्रीसेटचा कर्व्ह तो पांढरा खाली ओढतो आणि मोत्यांच्या जागी करडी पट्टी येते.

डिजिटलवर उजेडाचा भाग वाचेल असं काढायचं आणि सावल्या नंतर उचलायच्या. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाला १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. उचलायला जागा रॉमध्येच मिळते.

एक बारकावा बहुतेकांकडून सुटतो. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचं वाटप दाखवणारा आलेख) एकत्रित न बघता लाल, हिरवा, निळा वेगवेगळा बघा. पिवळी पैठणी किंवा हळद लागलेला गाल यांत लाल चॅनल आधी भरतो. एकत्रित हिस्टोग्राम ठीक दाखवतो आणि लाल मात्र केव्हाच जळालेला असतो. हळदीच्या फोटोंत गाल प्लॅस्टिकसारखे सपाट दिसतात ते यामुळे. हळदीला मी माझ्या फोटोग्राफर मुलांना नेहमीपेक्षा पाऊण स्टॉप कमी काढायला सांगते.

कर्व्ह आणि रंग

आता प्रीसेट चालू करा आणि टोन कर्व्ह, म्हणजे उजेड-अंधार बदलणारी रेषा, उघडा. डावं, सावल्यांकडचं टोक किती उचललंय बघा. २५५ च्या मापात ते १० ते १५ पर्यंत असेल तर ठीक. ४० असेल तर तुमचा चिखल तिथेच आहे. फिल्मच्या सावल्या मऊ असतात, तरी त्यांच्या तळाशी काळा असतोच. टोक थोडं उचला आणि त्याच्या जरा पुढे दुसरा बिंदू ठेवून कर्व्ह पुन्हा खाली दाबा. केसांत काळेपणा परत येईल आणि मऊपणाही राहील. राखाडी फोटोंचं हेच औषध आहे.

मग नारिंगी रंग बघा, कारण आपली त्वचा त्यात बसते. बाजारातले पुष्कळ प्रीसेट गोऱ्या युरोपीय त्वचेवर बेतलेले असतात. ते नारिंगीचा गडदपणा काढतात आणि उजेड वाढवतात. सावळ्या किंवा गव्हाळ चेहऱ्यावर याची राख होते. नारिंगीचे तिन्ही स्लाइडर शून्यावर आणा आणि चेहऱ्याला मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, प्रीसेटने दिलेली रंगछटा तिथे निम्म्यावर ठेवा. मुलीचा रंग जसा आहे तसाच देखणा दिसला पाहिजे. तिला गोरी करून देणं ही दुरुस्ती नव्हे आणि घरचे मागतील तरी मी ते करत नाही.

आणि चुडा. फिल्मसारखी पानं हवीत म्हणून प्रीसेट हिरव्याला पिवळ्याकडे सरकवतो आणि फिका करतो. मंडपाच्या कुंड्या छान ऑलिव्ह होतात, पण त्याच हिरव्यात काचेच्या बांगड्याही बसतात. लग्नाचा चुडा शेवाळी झालेला कोणत्या आईला चालेल? उपाय सोपा आहे. झाडापानांचा रंग बराचसा पिवळ्या स्लाइडरमध्ये असतो, हिरव्यात कमी. पानं पिवळ्यातून हलवा, हिरवा जागेवर राहू द्या. तेवढ्याने भागलं नाही तर बांगड्यांना ब्रशने मास्क करा. शंभर फोटोंना एक संध्याकाळ जाते, पण ती द्यावी.

धार, ग्रेन, लालसर कडा

लाइटरूम हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर रॉ फाइलला आपोआप ४० शार्पनिंग (कडांना धार) देतं. ते २०-२५ वर आणा. कॉन्ट्रास्ट वाढवणारे क्लॅरिटी आणि डीहेज शून्यावर, कारण फिल्मची कड इतकी टोकदार नसते. ग्रेन सर्वांत शेवटी आणि छापायच्या मापाला बघून. मोबाइलवर बरा वाटणारा ग्रेन १२ बाय ३६ इंचांच्या अल्बमच्या शीटवर वाळूसारखा येऊ शकतो आणि एवढ्या मोठ्या शीटसाठी बसवलेला ग्रेन ४ बाय ६ च्या प्रिंटमध्ये नाहीसा होतो. शीटचा एक तुकडा ४ बाय ६ मध्ये छापून घ्या, खर्च नगण्य आहे.

दिव्यांभोवती लालसर कड हवी असेल तर तिचं कारण समजून घ्या. तीव्र उजेड फिल्मचे थर ओलांडून मागच्या पायावर आपटतो, परत येतो आणि लाल थराला पुन्हा लागतो. म्हणून ती कड समईच्या ज्योतीभोवती, माळेच्या बल्बभोवती शोभते. दातांवर आणि कॉलरवर ती दिसली तर काढून टाका.

लेन्स

इथवर सगळं ठीक असूनही फोटो धुरकट असेल तर लेन्सवर संशय घ्या. लेन्स काढून एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. कोकणातून, गोव्यातून येणाऱ्या कॅमेऱ्यांत पावसाळ्यानंतर हे मी नेहमी बघते. जुन्या लूकसाठी सेकंडहँड हेलिओससारखी लेन्स घेणाऱ्यांनी तर पैसे देण्याआधीच टॉर्च मारावा.

बुरशी दिसली की थांबा. लेन्स स्वतः उघडू नका. भिंगांमधलं अंतर केसभर हललं तरी फोकस बिघडतो. जाणकार दुरुस्ती कारागिराकडे द्या आणि तोवर ती इतर लेन्सच्या बॅगेत ठेवू नका.

उजेड

ही सर्वांत अवघड तपासणी, कारण ती पुढच्या शूटलाच करता येते. ऐंशी-नव्वदच्या दशकातले आपल्याकडचे लग्नाचे अल्बम आठवा. माणसं लख्ख, मागचा हॉल अंधारा, भिंतीवर काळी तीक्ष्ण सावली. तो लूक कॅमेऱ्यावरच्या थेट फ्लॅशचा आहे. ग्राहक "आईबाबांच्या अल्बमसारखं" म्हणत असेल तर त्याला तेच आठवत असतं, शब्द तेवढा सापडत नाही. स्वस्तातला एक मॅन्युअल फ्लॅश सरळ समोर मारा. कुठल्याही प्रीसेटपेक्षा तो तुम्हाला त्या अल्बमच्या जास्त जवळ नेईल.

उलट हॉलमध्ये एका बाजूला पिवळा हॅलोजन, दुसऱ्या बाजूला हिरवट एलईडी असेल, तर अर्धा गाल एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा येतो. एका स्लाइडरने ते सुटत नाही. आयोजकाला सांगून एक दिवा बंद करून घ्या.

कुठे थांबायचं

तिन्ही चॅनल जळाले असतील तर थांबा. तो तपशील कुठेच नोंदलेला नाही, कुणालाही पैसे दिलेत तरी परत येणार नाही. त्या फोटोची कृष्णधवल प्रत करून बघा, पुष्कळदा ती चालते.

दोन रंगांच्या उजेडातले शे-दोनशे चेहरे असतील तर अनुभवी रिटचरला द्या. एकेका चेहऱ्याला मास्क लागतो आणि घाईत केलेलं लगेच कळतं.

प्रिंट आणि स्क्रीन जुळत नसेल तर आधी फाइल एसआरजीबीमध्ये (स्क्रीन आणि लॅबच्या नेहमीच्या रंगमापात) आहे का बघा. अॅडोबी आरजीबीमधली फाइल बऱ्याच लॅबमध्ये फिकी छापली जाते. ती बरोबर असूनही फरक पडत असेल तर मॉनिटर कॅलिब्रेट करणाऱ्या, म्हणजे त्याचे रंग यंत्राने मोजून बसवणाऱ्या माणसाला बोलवा. डोळ्यांनी अंदाजे रंग जुळवत बसू नका, दर महिन्याला तेच करत राहाल.

घरातल्या जुन्या निगेटिव्ह सापडल्या आणि त्यावरून नमुना घ्यायचा असेल, तर चिकटलेल्या पट्ट्या ओढून सोडवू नका. त्या स्कॅनिंग करणाऱ्या लॅबला जशाच्या तशा द्या आणि स्कॅन रंगदुरुस्ती न करता, टिफमध्ये (तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये) मागा. सोबत एक पट्टी दुरुस्त करूनही घ्या. दोन्ही शेजारी ठेवलेत की फिल्मचा रंग कुठे संपतो आणि झीज कुठे सुरू होते ते तुमच्या डोळ्यांना दिसेल.